स्वस्तातला ऑफसेट स्मोकर विकू नका, आधी त्याची आग शिकून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे की स्वस्तातला ऑफसेट स्मोकर घेतला, म्हणजे धुरावर मांस शिजवायची भट्टी, एका बाजूला आगीचा छोटा फायरबॉक्स आणि शेजारी मांस ठेवायचं आडवं पिंप असलेली, त्यावर ३ वेळा शिजवून पाहिलं आणि तिन्ही वेळा तापमान ९० पासून १७० अंशांपर्यंत उड्या मारत राहिलं. मांसावर काळा चिकट थर बसला, चव कडू, खाल्ल्यावर जीभ बधिर झाल्यासारखी वाटली. आता हा विकून जाड पत्र्याचा घ्यावा, की यालाच सील आणि प्लेटा लावून सुधारावं?

विकू नका. निदान इतक्यात तरी नाही. मी कित्येक वर्षं असल्याच पातळ पत्र्याच्या स्मोकरवर शिजवतोय, मधे जाड पत्र्याच्या मोठ्यावरही भरपूर काम केलंय, आणि तुमच्या दोन्ही तक्रारी, म्हणजे उड्या मारणारं तापमान आणि कडू चव, या खरं तर एकच तक्रार आहेत. दोन्हीचं मूळ आगीत आहे. पत्र्याचा वाटा आहेच, पण तुम्हाला वाटतोय तेवढा नाही.

आधी पत्र्याचं सांगतो. महागड्या ऑफसेटचा पत्रा साधारण ६ मिलिमीटर जाड असतो, आपल्या स्वस्तातल्याचा दीड-दोन मिलिमीटर. जाड पत्रा एकदा तापला की उष्णता धरून ठेवतो, आग जरा मंदावली तरी अर्धा तास धग देत राहतो. आपला पत्रा काहीच साठवत नाही, आग पडली की दहा मिनिटांत थर्मामीटरचा काटा खाली, लाकूड टाकलं की काटा वर. हे वाईट वाटतं, पण याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही, ती म्हणजे हा स्मोकर तुमचं लगेच ऐकतो. जाड पत्र्याच्यात चुकून आग जास्त झाली तर ती उतरायला तासभर वाट बघत बसावं लागतं, यात पाच-सात मिनिटांत सुधारता येतं. म्हणजे आगीवर सतत थोडं लक्ष ठेवणाऱ्या माणसासाठी हा चांगला स्मोकर आहे. कोळसा भरून झोपायला जायचं असेल तर मात्र हा तुमच्यासाठी नाही, ते आत्ताच स्पष्ट सांगतो.

आता तुमच्याकडे काय होतंय ते बघू, कारण नव्या माणसाकडे जवळजवळ नेहमी हेच होतं. तुम्ही भरपूर कोळसा आणि दोन-तीन जाड लाकडं टाकता. काटा १४०, १५० वर जातो, तुम्ही घाबरता आणि हवेची झडप बंद करता, कदाचित चिमणीची पण अर्धी लावता. आगीला हवा मिळत नाही, ज्योत विझते, पण लाकूड तर गरमच आहे ना, ते आतल्या आत धुमसायला लागतं आणि पांढराशुभ्र दाट धूर सुटतो. तो सगळा मांसावर बसतो, तीच तुमची कडू चव आणि तोच तो काळा चिकट थर. तोवर काटा ९० वर आलेला असतो, मग तुम्ही सगळ्या झडपा उघडता, आत साठलेल्या न जळलेल्या वायूंना एकदम हवा मिळते, भडका उडतो आणि काटा १७० ला जातो. की परत झडप बंद. हे चक्र दिवसभर चालतं, आणि मांसाला तुम्ही दर तासाला एकदा काजळीची अंघोळ घालत असता.

यावर उपाय एकच आहे आणि तो फुकट आहे: चिमणीची झडप पूर्ण उघडी ठेवायची, पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत, तिला हातच लावायचा नाही. फायरबॉक्सची हवेची झडप सुद्धा निम्म्याहून जास्त उघडीच ठेवायची. तापमान झडपेने नाही ठरवायचं, आगीच्या आकाराने ठरवायचं. आग लहान ठेवायची पण ती कायम ज्योतीने, खुल्या हवेत, नीट जळती ठेवायची. मोठी आग गुदमरवून ठेवली काय किंवा लहान आग मोकळी जळू दिली काय, दोन्हीत काटा १२० दाखवेल, पण पहिल्याचं मांस टाकून द्यावं लागेल आणि दुसऱ्याचं लोक बोटं चाटत खातील. माझ्या अख्ख्या उत्तरातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा, बाकीचं सगळं याच्या नंतर येतं.

धुराचं जरा सविस्तर सांगतो, कारण चव तिथेच ठरते. लाकडाला कठीणपणा देणाऱ्या लिग्निन या घटकापासून ग्वायकॉल आणि सिरिंगॉल नावाची संयुगं तयार होतात, आपल्याला जो स्मोकचा गोडसर वास आणि चव हवी असते ती मुख्यतः यांची. आग नीट गरम असली, हवा भरपूर असली की धूर विरळ निघतो, त्यातले कण इतके बारीक असतात, एका मायक्रॉनपेक्षाही लहान, की ते निळा प्रकाश जास्त विखुरतात म्हणून तो धूर निळसर दिसतो. कधीकधी तर दिसतच नाही, चिमणीच्या तोंडावर फक्त हवा थरथरताना दिसते, उन्हात डांबरी रस्त्यावर दिसते तशी. नवीन माणसाला वाटतं धूरच नाही, मग चव कशी येणार, आणि तो अजून लाकूड टाकतो. नका टाकू, चव येतेय. पांढरा दाट धूर म्हणजे मोठे थेंब, पाण्याची वाफ आणि न जळलेलं डांबरासारखं द्रव्य, याला क्रिओसोट म्हणतात, जीभ बधिर करणारं ते हेच. माझी साधी परीक्षा आहे, चिमणीच्या वितभर वर एक क्षण तळहात धरायचा, चटका बसायच्या आत काढून घ्यायचा आणि हाताचा वास घ्यायचा. गोडसर, मसालेदार वास आला तर मांस ठेवायला हरकत नाही. घशात खवखवलं, जळक्या रबरासारखं किंवा ओल्या राखेसारखं वाटलं तर थांबायचं.

लाकूड. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात आणि दोष स्मोकरला देतात. लाकूड कठीण जातीचं हवं, ओक, हिकरी, सफरचंद, चेरी असली किंवा दुसरं कुठलंही फळझाड, चिकट राळ असलेलं पाइनसारखं लाकूड अजिबात नको, रंग दिलेलं, प्लायवुड, पॅकिंगच्या खोक्यांचं, औषध मारलेलं तर कधीच नको. पण जातीपेक्षा कोरडेपणा आणि आकार महत्त्वाचे. ओलावा १५ ते २० टक्क्यांच्या मधे असावा, मीटर असेल तर लाकूड ताजं फोडून आतल्या बाजूला टोचून बघा, बाहेरून टोचलं तर खोटा आकडा येतो. मीटर नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा, वाळलेलं लाकूड खणखणीत ठक्क वाजतं, ओलं बद्द वाजतं. टोकांना तडे दिसायला हवेत, साल सहज सुटायला हवी.

आकार तर त्याहून महत्त्वाचा. बाजारात मिळणारी फोडलेली लाकडं मोठ्या फायरबॉक्सच्या हिशोबाने असतात, आपल्या छोट्या फायरबॉक्सात त्यातलं एक टाकलं तरी ते आग दाबून टाकतं. त्याच्या चिरफळ्या करा, लांबी २० ते २५ सेंटिमीटर, जाडी मनगटापेक्षा कमीच, ४-५ सेंटिमीटर. हे कुऱ्हाडीने करायचं काम कंटाळवाणं आहे पण आदल्या दिवशी करून ठेवा, ६ तासांसाठी पंधरा-वीस चिरफळ्या हाताशी हव्यात. बारीक चिरफळी पाच-दहा सेकंदांत पेट घेते, जाड ओंडका दहा मिनिटं धुमसतो, आणि त्या दहा मिनिटांचा धूर तुमच्या जेवणात जातो. आणि लाकूड किंवा ढलप्या पाण्यात भिजवून टाकायचा सल्ला कुठे वाचला असेल तर विसरून जा, पाणी लाकडात फारसं शिरतच नाही, वरवर राहतं, ते वाफ होऊन जाईपर्यंत आग थंड होते आणि परत तोच पांढरा धूर.

मी आग कशी लावतो ते जसंच्या तसं सांगतो. चिमणी स्टार्टर, म्हणजे कोळसा पेटवायचं ते पत्र्याचं नळकांडं, गच्च भरून कोळसा पेटवतो, खाली कागद घालून, पेटवायचं रॉकेलसारखं द्रव कधीच नाही कारण तो वास उतरतो. १५-२० मिनिटांत वरच्या कोळशांवर राखाडी थर आला की फायरबॉक्सात ओततो, आणि पसरवत नाही, एका जागी ढिगारा ठेवतो. यासाठी जाड जाळीची एक चौकोनी टोपली करून घ्या, एक्स्पांडेड मेटलची, तळाला निदान ५-६ सेंटिमीटर उंच पाय असलेली. स्वस्त स्मोकरमधे निखाऱ्यांची जाळी तळाला इतकी टेकलेली असते की दोन तासांत राख साचून खालची हवाच बंद होते, आग का पडतेय कळत नाही आणि माणूस वरून लाकडं टाकत बसतो. टोपलीने निखारे एकमेकांना खेटून राहतात, रसरशीत राहतात, आणि राख खाली पडून जाते. सगळ्या बदलांमधे मला सगळ्यात जास्त फरक या टोपलीने पडलेला दिसलाय.

मग निखाऱ्यांवर दोन चिरफळ्या, त्यांच्यात बोटभर अंतर ठेवून, फायरबॉक्सचं झाकण उघडंच. ज्योत नीट धरली की झाकण लावायचं. पहिला अर्धा-पाऊण तास मांस ठेवायचं नाही, पत्रा तापू द्यायचा, चिमणी तापू द्यायची, कारण चिमणी गरम झाल्याशिवाय हवा ओढत नाही. नंतर साधारण दर ३० ते ४० मिनिटांनी एक चिरफळी. एकच. पुढची चिरफळी फायरबॉक्सच्या वर ठेवून गरम करून घ्यायची, हाताला चांगली ऊन लागली पाहिजे (फार वेळ विसरू नका, तिथेच पेट घेते). टाकायची वेळ घड्याळावर नाही, आगीवर ठरते, आधीची चिरफळी निखारा व्हायला लागली, काटा जरा उतरायला लागला, की टाका. काटा पडून शंभरवर येईपर्यंत थांबलात तर निखाऱ्यांत जोर उरत नाही आणि नवीन लाकूड धुमसतं. लाकूड टाकलं की फायरबॉक्सचं दार एक-दोन मिनिटं किलकिलं ठेवायचं. ऐका, आधी बारीक सुं सुं होतं, कडेने धुराची रेघ निघते, मग भप्पकन ज्योत धरते आणि तो सुं सुं आवाज थांबून फडफड सुरू होते. ती फडफड ऐकली की दार लावा. महिनाभर केलंत की दहा फुटांवर पाठमोरे बसूनसुद्धा आगीचं काय चाललंय ते कानावरून कळायला लागेल.

एवढं केल्यावर तापमान किती स्थिर राहील? ११० ते १३५ च्या मधे खालीवर होत राहील, आणि ते चालतं. मांसाला १२० चा एकच आकडा लागत नाही, त्याला सरासरी कळते. काट्याच्या प्रत्येक हालचालीला उत्तर द्यायची सवय सोडा, दहा मिनिटं थांबून बघा कुठे जातोय ते.

काट्यावरून आठवलं, झाकणावरचा तो गोल थर्मामीटर, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. एकतर तो स्वस्त असतो, दुसरं म्हणजे तो वरच्या भागात असतो जिथे गरम हवा जमते, आणि मांस खाली जाळीवर. मी २०-३० अंशांचा फरक कित्येकदा बघितलाय. वायर असलेले दोन डिजिटल प्रोब, म्हणजे तापमान मोजायच्या सळया, घ्या, एक जाळीवर मांसाच्या शेजारी चार बोटं अंतरावर, दुसरा मांसात. घेतल्यावर आधी तपासा, बर्फाच्या पाण्यात ० आणि उकळत्या पाण्यात १०० दाखवायला हवं, उंचावर राहत असाल तर पाणी दर ३०० मीटरला साधारण १ अंश आधी उकळतं तेवढं धरा. कदाचित तुमचे ते ९० आणि १७० हेच मुळात चुकीचे आकडे असतील.

मग जाळीचा नकाशा काढा. मांस न ठेवता आग १२०-१३० ला आणा, जाळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ब्रेडचे स्लाइस मांडा, झाकण लावून वीसेक मिनिटांनी उघडून बघा. फायरबॉक्सकडचे काळे होतील, चिमणीकडचे नुसते कोरडे. त्याचा फोटो काढून ठेवा. आता तुम्हाला नक्की माहीत झालं कुठे काय ठेवायचं, जाड आणि चरबीची बाजू फायरबॉक्सकडे, पातळ बाजू चिमणीकडे, आणि अर्ध्या वेळाने फिरवायचं. कडेचा तो भाजणारा भाग चिकनची कातडी शेवटी कुरकुरीत करायला मस्त आहे, त्याला दोष समजू नका.

बदल करायचेच असतील तर माझ्या मते कुठला आधी ते सांगतो. टोपलीचं सांगितलंच. त्यानंतर फायरबॉक्स आणि पिंप यांच्यातल्या तोंडासमोर आडोसा, म्हणजे थेट झळ जाळीच्या पहिल्या भागावर न आदळता खाली वळेल असा वाकवलेला पत्रा. खास काही विकत घ्यायची गरज नाही, मी सुरुवातीला त्या तोंडाशी जाळीवर पाण्याने भरलेला ट्रे ठेवायचो आणि अजूनही ठेवतो. पाणी १०० च्या वर जात नाही म्हणून तो झळ खाऊन टाकतो, साठवलेल्या उष्णतेने उड्या थोड्या कमी करतो, आणि आत दमटपणा राहिल्याने मांसाचा पृष्ठभाग लवकर सुकत नाही, धूर चांगला धरतो. पाणी गरमच ओता, गार ओतलंत तर काटा धाडकन पडतो.

मग सील. अंधार पडल्यावर आत टॉर्च लावून झाकण बंद करा आणि चहूबाजूंनी बघा, कुठून उजेडाची रेघ येते ते. झाकणाला उष्णता सहन करणारी फेल्टची चिकटपट्टी आणि दोन क्लँप पुरतात. पिंपाच्या सांध्यांना अन्नासाठी चालणारं लाल हाय टेंप सिलिकॉन ठीक आहे, पण फायरबॉक्सला ते लावू नका, तिथली उष्णता त्याला झेपत नाही, तिथे शेगडीसाठीची ग्लासफायबरची दोरी किंवा फायर सिमेंट. फायरबॉक्सच्या फटी जास्त महत्त्वाच्या आहेत कारण तिथून येणारी हवा तुमच्या हातात नसते. झाकणातून जरासा धूर गळला तर झोप उडवून घेऊ नका.

चिमणी पिंपाच्या वरच्या भागात उघडत असेल तर गरम हवा मांसाच्या डोक्यावरून निघून जाते. आतून एक नळी जोडून तिचं तोंड जाळीच्या पातळीपर्यंत खाली आणता येतं, व्यास तेवढाच ठेवा नाहीतर ओढ कमी होते, आणि नळी साध्या स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची घ्या. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा स्मोकरमधे कुठेही नको, आगीजवळ तर मुळीच नको, तापला की त्याचा धूर विषारी असतो. फायरब्रिक, म्हणजे भट्टीच्या विटा, तळाला ठेवल्या तर उष्णता थोडी साठते, पण तापायला तासभर जास्त जळण लागतं, मी ठेवल्या होत्या आणि काढून टाकल्या. थंडीत किंवा वाऱ्यात पिंपावर वेल्डिंगचं न जळणारं ब्लँकेट टाकणं त्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. वारा हा पातळ पत्र्याचा खरा शत्रू आहे, भिंतीचा किंवा प्लायचा आडोसा करा, पण आगीपासून सुरक्षित लांब.

पण हे सगळं चार-पाच वेळा शिजवून झाल्यावर. आधीच सगळं जोडून बसलात तर कशामुळे काय सुधारलं ते कळणार नाही, आणि आग गुदमरलेलीच असेल तर सील लावलेल्या स्मोकरमधे मांस अजून कडू होतं, कारण तो घाण धूर आता बाहेर पण पडत नाही. हे मी स्वतः करून बसलोय. सुरुवातीला आठवडाभर खपून प्रत्येक फट बुजवली, आणि १० तास शिजवलेला पोर्क शोल्डर (डुकराच्या खांद्याचा मोठा तुकडा), घरी पाहुणे आलेले असताना, अख्खा टाकून द्यावा लागला. वरची बाजू बोटाला डांबरासारखी लागत होती. त्या दिवशी चिमणीची झडप अर्धी बंद होती, आणि लाकूड ओलं होतं, हे मला नंतर कळलं.

शिजवायला काय घ्यायचं? ब्रिस्केटने, म्हणजे बीफच्या छातीच्या मोठ्या तुकड्याने, सुरुवात नका करू, इतक्यांना मी हे सांगितलंय आणि तरी सगळे तेच करतात. पहिल्या दोन-तीन वेळा चिकनच्या तंगड्या किंवा पाठीतून उघडून सपाट केलेलं अख्खं चिकन घ्या. ते १३५ ते १५० वर शिजवायचं, कमी तापमानावर कातडी रबरासारखी होते, म्हणजे नेमकी ती आग जी या स्मोकरला सोपी जाते. दीड-पावणेदोन तासांत काम होतं, छातीत ७४ अंश, मांडीत ८० च्या वर गेलं तर अजून छान. आणि चिकन धूर पटकन पकडतं, त्यामुळे आग चुकली तर त्याच दिवशी चवीत कळतं, बारा तास घालवून नाही. मग रिब्ज म्हणजे बरगड्या, मग शोल्डर, ब्रिस्केट सगळ्यात शेवटी.

मोठ्या तुकड्यात साधारण ६५ ते ७५ अंशांच्या मधे आतलं तापमान तासन्‌तास अडकून बसतं, याला स्टॉल म्हणतात. मांसातून पाणी बाहेर येऊन वाफ होतं आणि ती वाफ मांसाला गार करते, घाम आल्यावर आपल्याला गार वाटतं तसंच. स्मोकर बिघडला नाही, घाबरून आग मोठी करू नका. थांबा, किंवा वरची गडद खपली, बार्क म्हणतात ती, नखाने खरवडली तरी निघत नाही इतकी बसली की फॉइलमधे किंवा बिनमेणाच्या जाड कागदात घट्ट गुंडाळा. आणि एकदा गुंडाळलं की मांस धूर घेत नाही, तेव्हा ते १२० वर लावलेल्या घरच्या ओव्हनमधे टाकून शेवटचे चार-पाच तास तिथे शिजवलं तरी चवीत काही फरक पडत नाही, जळण वाचतं आणि तुमचा जीवही. काही लोक याला फसवणूक म्हणतात, मला पटत नाही, धुराचं काम पहिल्या पाच-सहा तासांत झालेलं असतं.

शोल्डर आणि ब्रिस्केट ९३ ते ९६ अंशांच्या आसपास तयार होतात, पण आकड्यापेक्षा प्रोब काय सांगतो ते बघा, लोण्यात सुरी जावी तसा आत गेला पाहिजे, कुठेही अडकता कामा नये. एका बाजूला अडकतोय, दुसरीकडे सहज जातोय असं असेल तर अजून अर्धा तास. मांसातल्या चिवट कोलॅजनचं मऊ जिलेटिन व्हायला वेळ लागतो, घाई केलीत तर तापमान बरोबर दाखवेल आणि मांस तरीही चिवट राहील. मग गुंडाळलेलंच टॉवेलमधे बांधून रिकाम्या आइसबॉक्समधे तास-दोन तास मुरू द्या, फक्त आतलं तापमान ६० च्या खाली जाऊ देऊ नका. कापल्यावर कडेला गुलाबी रिंग दिसली नाही म्हणून नाराज होऊ नका, धुरातले वायू मांसातल्या मायोग्लोबिन नावाच्या लाल प्रथिनाशी मिळून तो रंग येतो, चवीशी त्याचा संबंध नाही.

आणि झाकण सारखं उघडू नका. आपल्या पातळ पत्र्यात एकदा उघडलं की परत जागेवर यायला दहा-पंधरा मिनिटं जातात. दोन प्रोब आहेत ना आत, ते सांगतायत.

सुरक्षेचं भरभर सांगतो पण हलक्यात घेऊ नका. बंद गॅरेज, बंद गॅलरी, तंबू, कुठेही नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणूस मारतो. चरबीने आत पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, झाकण आणि सगळ्या झडपा बंद करायच्या, चिमणीची झडप बंद करायची ती हीच एक वेळ (आणि सगळं संपल्यावर आग विझवताना). स्मोकर चरबी निघायच्या भोकाकडे किंचित कलता ठेवा म्हणजे तळाला साचत नाही. राख दुसऱ्या दिवशीसुद्धा आत गरम असते, झाकणाच्या लोखंडी डब्यातच काढायची.

आणि ती राख काढायचीच, प्रत्येक वेळी. स्वस्त स्मोकर मरतो तो गंजाने, आणि गंज येतो ओल्या राखेने, तळाशी राहिलेली राख दमट हवा शोषते, तिचा खार पत्रा खातो, दोन पावसाळ्यांत फायरबॉक्सच्या तळाला भोक. बाहेरचा रंग पहिल्याच काही आगींत फायरबॉक्सवरून उडतो, तो दोष नाही, घासून ६०० अंश सहन करणारा रंग फक्त बाहेरून मारा, आणि कोमट असताना खाण्याच्या तेलाचा फडका फिरवा. आतून पहिल्यांदा तेल लावून दोन-तीन तास १३०-१५० वर रिकामा तापवला होतात का? नसेल तर कारखान्यातलं तेल अजून आत असू शकतं, आणि तुमच्या त्या कडू चवीत थोडा वाटा त्याचाही असेल.

विकायचं म्हणाल तर, माझ्या मते जाड पत्र्याचा स्मोकर घ्यायची वेळ येते ती दर महिन्याला वीस-तीस जणांसाठी शिजवायला लागलात आणि जाळीवर जागा पुरेना झाली की. चव सुधारायला म्हणून नाही. येत्या सुट्टीच्या दिवशी मांस आणूच नका, फक्त पंधरा चिरफळ्या, एक वही आणि खुर्ची घेऊन तीन तास रिकामा स्मोकर जाळा. प्रत्येक चिरफळी टाकली ती वेळ, काटा किती होता, पाच मिनिटांनी किती, धूर कसा दिसला एवढंच लिहा. तिसऱ्या तासात पांढरा धूर दोन मिनिटांच्या आत निवळायला लागला की समजा चिकन ठेवायला हरकत नाही. आणि निवळत नसेल तर वहीतल्या त्या नोंदी आणि लाकडाच्या कापलेल्या तोंडाचा एक फोटो मला पाठवा, मी बघून सांगतो.